हृदयाचा ठेका आणि क्षारांचा ताळेबंद

गेल्या पर्युषणात माझ्या थोरल्या बंधूंनी अठ्ठाई आरंभली. वय ६८, कापडाचा व्यापार, रक्तदाबाचा जुना विकार. केवळ उकळलेले पाणी घ्यायचे आणि रक्तदाबाच्या गोळीची मुभा ठेवायची, असे त्यांनी ठरविले होते. सहाव्या रात्री त्यांच्या छातीत धडधडू लागले, मध्येच ठोका चुकल्यासारखा वाटे, पायांतले बळ गेले. रुग्णालयात ईसीजी काढला. झटका आलेला नव्हता, परंतु ठोके अनियमित होते. रक्तातील पोटॅशियम २.८ निघाले, ते साधारणतः ३.५ ते ५ असावे लागते.

डॉक्टरांनी कारण उलगडले तेव्हा, बँकेत आयुष्यभर ताळेबंद तपासणाऱ्या मला ते ओळखीचे वाटले. शरीरातील सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते, तर सोडियम मुख्यतः बाहेर. या क्षारांची ठरावीक क्रमाने ये-जा झाली म्हणजे ठोका पडतो आणि हृदय पुढील ठोक्यासाठी सज्ज होते. रक्तातील पोटॅशियम घटले की ही सज्जता लांबते आणि अवेळी ठोके पडू लागतात. ते फार वाढले तर हृदय मंदावते, प्रसंगी थांबतेही.

बंधूंची गोळी लघवी वाढविणारी होती. लघवीवाटे पोटॅशियमचा खर्च चालू आणि अन्नातून जमा शून्य! मॅग्नेशियमही उतरले होते. ते भरून निघाल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही. म्हणून दोन्ही क्षार सलाईनमधून, कित्येक तास, अतिशय सावकाश दिले गेले. शिरेतून पोटॅशियम एकदम दिल्यास ते प्राणघातक ठरते. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ठेका पूर्ववत झाला.

उलट बाजूही ध्यानी घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा रक्तदाबाच्या काही अन्य गोळ्यांमुळे, पोटॅशियम वाढते. ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक मिठांत पोटॅशियम क्लोराईड असते; नारळपाण्यातही पोटॅशियम विपुल असते. अशा रुग्णांनी हे उपाय स्वतःच्या मनाने करू नयेत. पोटॅशियम धोकादायक वाढल्यास कॅल्शियमचे इंजेक्शन हृदयाला तात्पुरते संरक्षण देते, ग्लुकोजसह इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलते आणि गरज पडल्यास डायलिसिस करावे लागते.

पारण्याचा क्षणही नाजूक असतो. दीर्घ उपवासानंतर एकदम गोडधोड खाल्ले की इन्सुलिन उसळते आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट झपाट्याने पेशींत शिरतात. रक्तात त्यांची चणचण होते. मुगाच्या पाण्याने, थोडेथोडे घेत पारणे करण्याची वडीलधाऱ्यांची रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

अठ्ठाई अपुरी राहिल्याची खंत बंधूंना आजही आहे. परंतु शक्ती ओळखून केलेले तपही तपच होय. यंदा त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन एकासणे स्वीकारले आहे. वाचकहो, आपल्या घरातील कोणी रक्तदाब, मधुमेह, हृदय वा मूत्रपिंडाची औषधे घेत असतील, तर तपाचा संकल्प करण्यापूर्वी सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात आणि क्षारांची रक्ततपासणी करून घ्यावी. गोळी परस्पर बंद करू नये. तपात धडधड, चक्कर वा कमालीची अशक्तता जाणवल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दुकानाचा हिशेब आपण वर्षाअखेरीस न चुकता पाहतो. देहाचा हिशेब संकल्पाआधी पाहावा.