काल पास, आज नापास

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर हाही एक प्रोग्रॅमच, आणि तो सतत बदलत असतो. १९८७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या ‘जीसीसी’ या कंपायलरवर आजही प्रत्येक बदलानंतर हजारो छोट्या चाचण्या चालवल्या जातात.

त्यांतल्या काही नापास होतातच. पण काही उणिवा जुन्या, माहितीतल्या असतात. त्यांची तशी नोंदही असते. म्हणून जुना निकाल शेजारी ठेवावा लागतो, तोही त्याच यंत्रावरचा, त्याच सेटिंगचा. पूर्वी पास होणारी चाचणी आता नापास झाली, तर ते रिग्रेशन. त्याहून फसवी असते ती यादीतून गायब झालेली चाचणी, कारण नापासांच्या आकड्यात ती दिसतच नाही! जीसीसीसोबतची तुलनेची स्क्रिप्ट अशा चाचण्या वेगळ्या दाखवते, हे फार मोलाचे.

मग दोषी बदलाचा शोध. दोन आवृत्त्यांमध्ये १,००० बदल असतील, तर मधला तपासून निम्मे वगळायचे, उरलेल्यांचे पुन्हा तसेच. साधारण १० फेऱ्यांत नेमका बदल सापडतो.

‘रस्ट’ भाषेचे विकासक आणखी पुढे जातात. त्यांचे ‘क्रेटर’ हे साधन लोकांनी प्रकाशित केलेली हजारो पॅकेजेस जुन्या आणि नव्या, दोन्ही कंपायलरांवर चालवून निकाल ताडून पाहते.