चालीवरून माणूस कसा ओळखूं येतो?

सायंकाळीं दिवेलागणीच्या सुमारास आपण अंगणांत उभे असतों. दूर रस्त्यावरून कोणी तरी येत असतें. चेहरा दिसत नाहीं, कपड्यांचा रंग कळत नाहीं, आवाजहि ऐकूं येत नाहीं, तरी घरांतील लहान मूल "बाबा आले!" असें ओरडून फाटकाकडे धांवतें, आणि बहुधा त्याचें म्हणणें खरें ठरतें. "तूं कशावरून ओळखलेंस?" असें त्यास विचारल्यास तें एवढेंच सांगेल कीं, "ते असेच चालतात." ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं तींत कांहीं नवल आहे असें आपल्या मनांतहि येत नाहीं. परंतु ज्या विद्वानांनीं या नवलाचा पिच्छा पुरविला, त्यांना मनुष्याच्या दृष्टीविषयीं मोठ्या मनोरंजक गोष्टी आढळल्या. त्यांतील कांहीं आमच्या विद्यार्थिवाचकांस व त्यांच्या पालकांस सांगाव्या, अशी आमची इच्छा आहे. कारण त्यांपैकीं एकीचा संबंध रात्रीं रस्त्यानें जाणाऱ्याच्या जिवाशींच आहे.

चालणें पाहण्यास सोपें, पण त्याचें वर्णन करूं जावें तर अत्यंत कठीण! एक पाऊल टाकावयाचें म्हटलें तरी खांदे, कोपरें, मनगटें, कंबर, गुडघे आणि घोटे हीं सर्व एकाच वेळीं निरनिराळ्या वेगानें हालत असतात. त्यांतच एक हात अंगाआड लपतो आणि एक पाय दुसऱ्याआड जातो. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनीं १८८० नंतरच्या दशकांत पॅरिस येथें या गतीचें मोजमाप करण्याची एक युक्ति योजिली. एका मनुष्यास त्यांनीं नखशिखांत काळा पोषाख चढविला, त्याच्या हातापायांवर चकाकणाऱ्या पट्ट्या लावल्या, आणि त्यास काळ्या पार्श्वभूमीपुढून चालविलें. एकाच कांचेवर त्याचीं लागोपाठ अनेक छायाचित्रें घेतलीं, तेव्हां मनुष्य नाहींसा होऊन केवळ त्याच्या अवयवांच्या रेषा तेवढ्या उमटल्या. मारे यांना गति मोजावयाची होती. ती गति पाहणाऱ्याच्या डोळ्यांस काय समजतें, हा प्रश्न पुढील काळासाठीं राहिला.

तो प्रश्न स्वीडन देशांतील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सोन यांनीं हातीं घेतला, व १९७३ सालीं त्याविषयींचा आपला प्रसिद्ध निबंध छापला. त्यांनीं मनुष्याच्या मुख्य सांध्यांवर दहाबारा प्रकाशबिंदु बसविले आणि त्याचें चलच्चित्र अशा रीतीनें घेतलें कीं पडद्यावर हे बिंदु सोडून दुसरें कांहींच दिसूं नये. मनुष्य स्थिर असतां प्रेक्षकांस कांहींच अर्थबोध होईना; अनोळखी तारकांचा पुंजका पाहावा तसें त्यांस वाटलें. पण त्या मनुष्यानें पाऊल उचललें मात्र, आणि सर्वांनीं तत्काळ सांगितलें, "हा माणूस चालत आहे!" कोणासहि विचार करावा लागला नाहीं, कीं तर्क लढवावा लागला नाहीं. दोघेजण मिळून नाचत असतां त्यांचे बिंदु एकमेकांत मिसळले, तरीहि ते दोन नाचणारे स्पष्ट ओळखूं आले. एका सेकंदाचा पांचवा हिस्सा एवढा वेळ ओळख पटण्यास पुरतो, असेंहि योहान्सोन यांस पुढें आढळून आलें. हा वेळ जवळजवळ आपल्या पापण्यांच्या एका उघडझांपेएवढाच आहे!

हें कसें घडतें, तें समजण्यास एक सोपा दाखला घेऊं. अंधारांत सायकलच्या चाकाच्या कडेला एक लहानसा दिवा बांधून सायकल पुढें चालवावी व दुसऱ्यानें बाजूस उभें राहून पाहावें. दिवा गोल फिरतांना दिसत नाहीं. तो कमानीमागून कमानी काढीत, जमिनीजवळ येऊन पुन्हां वर चढत जातांना दिसतो. आतां दुसरा दिवा चाकाच्या मध्यभागीं, आंसापाशीं बांधावा. लागलीच देखावा पालटतो: एक चाक गरगर फिरत पुढें चाललें आहे असें दिसूं लागतें. पहिल्या दिव्याचा मार्ग तर केसभरहि बदललेला नाहीं! मग बदललें काय? दोन्ही दिव्यांची जी समाईक पुढची गति, ती दृष्टीनें वेगळी काढली, आणि बाकी राहिलें तें फिरणें. योहान्सोन यांचें म्हणणें असें कीं मनुष्याच्या चालण्यांतहि दृष्टि हेंच वजाबाकीचें गणित करिते. कंबर सरळ पुढें जाते. गुडघा कंबरेभोंवतीं लंबकाप्रमाणें झुलतो. घोटा गुडघ्याभोंवतीं झुलतो. गुडघा आणि घोटा यांमधील अंतर मात्र कायम राहतें, कारण मध्यें न वांकणारें हाड आहे. हा सर्व हिशेब आपल्या नकळत होतो, आणि ज्याला त्रैराशिक येत नाहीं त्या बालकाचाहि तो चुकत नाहीं.

तथापि केवळ गणितानें सर्व उलगडा होत नाहीं. हेंच चलच्चित्र खालचें वर करून दाखविलें, तर बिंदु तेच आणि त्यांचीं अंतरेंहि तींच असून पुष्कळांस त्यांत चालणारा मनुष्य नीट ओळखूं येत नाहीं. जमिनीवर पाय टेकून, अंगाचा भार तोलीत चालणाऱ्या देहाचीच आपल्या दृष्टीस अपेक्षा असते, असें यावरून दिसतें.

या मूठभर बिंदूंवरून आणखी किती गोष्टी कळाव्यात! चालणारा पुरुष आहे कीं स्त्री, हें नेहमीं नव्हे, तरी निम्म्याहून बरेच अधिक वेळां बरोबर सांगतां येतें. अमेरिकेंतील कटिंग व कोझ्लोव्स्की या संशोधकांनीं १९७७ सालीं असें दाखविलें कीं एकत्र राहणाऱ्या मित्रांस केवळ बिंदूंच्या हालचालीवरून एकमेकांची व स्वतःचीहि ओळख बरेचदां पटते. उप्सालाच्याच रूनेसोन व फ्रिक्होल्म या दोघांनीं १९८१ सालीं पेटी उचलणाऱ्या मनुष्याचे केवळ बिंदु प्रेक्षकांस दाखविले. पेटी मुळींच न दिसतां तिचें वजन त्यांनीं बऱ्याच अंशीं अचूक सांगितलें. पुढें १९८३ सालीं त्यांनीं हलकी पेटी जड असल्याचें सोंग करावयास लाविलें, तेव्हां तें सोंगहि प्रेक्षकांच्या ध्यानांत आलें. जिभेनें खोटें बोलतां येतें. गुडघ्यांनीं खोटें बोलणें त्याहून फार अवघड आहे!

ही शक्ति आपण शिकून मिळवितों, कीं जन्मतःच घेऊन येतों? २००८ सालीं इटलींतील संशोधकांनीं दोन दिवसांच्या अर्भकांपुढें चालत्या कोंबडीचे बिंदु आणि अस्ताव्यस्त हालणारे बिंदु असे दोन्ही ठेविले. ज्यांनीं कोंबडी कधींच पाहिली नव्हती, तीं बालकें कोंबडीच्या बिंदूंकडे अधिक वेळ पाहत राहिलीं. नुकतींच अंड्यांतून बाहेर आलेलीं पिलेंसुद्धां सजीवाच्या गतीकडेच वळतात, असें त्यापूर्वीं दिसून आलें होतें. जो सजीव हालतो त्याकडे वळावें, ही प्रेरणा सृष्टिकर्त्यानें जीवमात्रास आरंभींच दिलेली दिसते. माणसामाणसांतील भेद ओळखणें मात्र आपण पुढें सहवासानें शिकतों.

आतां आरंभीं सांगितलेली गोष्ट. रात्रीं रस्त्यानें पायीं जाणारास मोटारीचे झगझगीत दिवे दूरवरून दिसतात, आणि "मला मोटार दिसते, त्या अर्थीं मोटारवाल्यासहि मी दिसतों" असें तो समजतो. ही समजूत घातक आहे. काळसर कपडा उजेड गिळून टाकतो, आणि चालकास मनुष्य दिसतो तो अगदीं जवळ आल्यावर. ताशीं ६० किलोमीटर वेगानें धांवणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडते. एवढ्या वेगांत क्षणभराचा उशीर म्हणजे केवढा, हें वाचकांनींच पाहावें.

या बाबतींत ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत रहदारीस बंद असलेल्या रस्त्यावर खऱ्या मोटारी व खरे चालक घेऊन प्रयोग करण्यांत आले. पायीं चालणारास कधीं काळे, कधीं पांढरे कपडे दिले. कधीं उजेड परत फेकणाऱ्या पट्ट्या छातीवर लाविल्या, तर कधीं त्या मनगटें, कोपरें, गुडघे, घोटे अशा सांध्यांवर बांधल्या. सांध्यांवर पट्ट्या असलेला मनुष्य चालकांनीं सर्वांत लांबून ओळखला. याचें कारण वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. छातीवरचा चकाकता तुकडा हा खांब असेल, पाटी असेल, कांहींहि असेल, पण झुलणारे गुडघे व घोटे दिसले कीं दृष्टि पाव सेकंदाच्या आंत ग्वाही देते, "तो माणूस आहे!"

म्हणून पालकांस आमची विनंति आहे कीं मुलें शिकवणीहून किंवा खेळावरून अंधार पडल्यावर परत येत असतील, तर अशा पट्ट्या त्यांच्या घोट्यांना व गुडघ्यांना अवश्य बांधाव्या, आणि बनल्यास मनगटांनाहि. सायकलवर जाणारासहि ही गोष्ट तितकीच लागू आहे, कारण पायडल मारतांना त्याचे गुडघे व घोटे सारखे वरखालीं होत असतात. विद्यार्थ्यांनीं मात्र एवढें विसरूं नये कीं पट्टी ही सावधपणाची जागा घेऊं शकत नाहीं. जेथें पदपथ नाहीं तेथें समोरून येणारी वाहनें दिसतील अशाच बाजूनें चालावें.

अंगणांतील मूल आपल्या बाबांस अंधारांतहि ओळखतें, कारण त्यांची चाल त्याच्या ओळखीची असते. मोटार हांकणारा परका मनुष्य आपणांस नांवानें ओळखणार नाहीं. परंतु येथें एक माणूस चालला आहे, एवढी ओळख त्याच्या डोळ्यांस जन्मापासून आहे. तिच्यासाठीं घोट्यांपाशीं थोडासा उजेड असावा, इतकेंच पुरे आहे.