क्लबच्या टेबलापाशी ॲरिस्टॉटल

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाला लेखनाचा तास चुकत नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही नाही. तिथे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला ॲरिस्टॉटल गाठ घेतो. समोरच्याला पटवायचे त्याचे तीन मार्ग: इथॉस म्हणजे बोलणाऱ्याची विश्वासार्हता, पेथॉस म्हणजे भावनेला हात घालणे, लोगॉस म्हणजे युक्तिवाद. मार्टिन ल्यूथर किंग यांचे १९६३चे बर्मिंगहॅमच्या तुरुंगातले पत्र यासाठी अनेकदा वाचायला देतात.

पण नवख्यांना हे खरे उमगते ते सत्रारंभीच्या क्लब मेळाव्यात, जिथे विद्यार्थ्यांचे क्लब टेबले मांडून नवे सभासद जमवतात.

समजा, गिर्यारोहण क्लबचे पत्रक हाती आले. ‘घरची आठवण येतेय?’ हा पेथॉस. ‘बूट, तंबू फुकट, खर्च फक्त बसभाड्याचा’ हा लोगॉस. इथॉस मात्र गायब! कोण नेणार, त्याला डोंगराचा अनुभव किती, याचा पत्ताच नाही. मग लेखनाच्या तासासाठी ती राहिलेली ओळ विद्यार्थ्यांनी लिहायची. त्यासाठी क्लबात जाऊन चार माणसांशी बोलावेच लागते.