तिण्णै शाळा : वाळूवरची अक्षरे

तमिळ प्रदेशात घराच्या ओट्याला ‘तिण्णै’ म्हणतात. तिथे भरणाऱ्या शाळांत मूल आपल्याकडील धूळपाटीप्रमाणे वाळूत बोटाने अक्षर गिरवी आणि त्याच वेळी ते मोठ्याने उच्चारी. पुढे गेलेला विद्यार्थी नवख्यांना शिकवी. मद्रासमध्ये हे वाळूलेखन पाहून अँड्र्यू बेल यांनी ते आपल्या अनाथ मुलांच्या शाळेत आणले. १७९७ साली त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडात ही रीत ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली.

पहिली-दुसरीच्या वर्गासाठी यातून काय घ्यावे?

१. गिरवणे व उच्चार एकत्र : हात, डोळा आणि कान एकाच अक्षरावर येतात.
२. सहज पुसणे : वाळू सारखी केली की चूक नाहीशी होते, भीती राहत नाही.
३. जोडीने शिकणे : एकच शिक्षक असला तरी प्रत्येक मुलाकडे कोणाचे तरी लक्ष राहते. मात्र जोड्या बदलत ठेवाव्यात, नाहीतर शिकवणारा कायम तोच राहतो.

मर्यादाही आहे. अक्षर ओळखले म्हणजे अर्थ कळला असे नाही. नुसती घोकंपट्टी उरते. म्हणून गिरवण्यानंतर रोज एक गोष्ट हवी. तंजावरात सरफोजी राजांच्या छापखान्यात १८०६ साली इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या, हे इथे आठवावे.