गोचीड राहते कुठे?

राखणदाराचं आरोग्य : लेखांक ६

गेल्या लेखात पिसवांवर बोलताना गोचिडींचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलला होता, कारण त्याला स्वतंत्र जागा हवी होती.

तक्रार ठरलेली असते. कुत्र्याला औषधी शाम्पूने अंघोळ घातली, कानातल्या, बोटांच्या बेचक्यातल्या, पट्ट्याखालच्या गोचिडी एकेक करून काढल्या, मानेवर औषधही टाकलं. आणि पंधरा दिवसांत कुत्रा पुन्हा भरला. मग ‘औषध बनावट निघालं’ असा निष्कर्ष निघतो, नाहीतर गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांवर खापर फुटतं. कधीकधी दोन्ही खरं असतं. बहुतेक वेळा मात्र नवी गोचीड बाहेरून आलेलीच नसते. ती घरातच होती, दाराच्या चौकटीमागे.

आपल्याकडे कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळते ती तपकिरी गोचीड. शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. तिचं आयुष्य नीट समजून घेतलं की निम्मे उपाय आपोआप सुचतात. रक्त पिऊन फुगलेली, एरंडीच्या बीएवढी झालेली मादी कुत्र्यावरून खाली पडते, जवळची फट गाठते, तिथे दोन-चार हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यांतून सहा पायांची, डोळ्याला जेमतेम दिसणारी पिल्लं बाहेर येतात. ती कुत्र्यावर चढतात, काही दिवस रक्त पितात आणि पुन्हा खाली पडतात. फटीत कात टाकून आठ पायांची होतात, पुन्हा चढतात, पितात, पडतात. पुन्हा कात, आणि मग पूर्ण वाढलेली गोचीड तिसऱ्यांदा कुत्र्यावर येते. उबदार हवेत हा सगळा फेरा साधारण दोन महिन्यांत पुरा होतो. त्यात कुत्र्याच्या अंगावर जाणारा वेळ सगळा मिळून तीन आठवड्यांच्या आसपास. उरलेला काळ ती भिंतीत, फरशीच्या सांध्यात, कुंडीखाली किंवा गोणपाटाच्या घडीत असते.

म्हणजे आपण कुत्र्यावर मोजतो त्या गोचिडी घरातल्या एकूण गोचिडींचा लहानसा भाग. बाकीच्या वाट बघत असतात, आणि वाट बघण्यात त्या तरबेज आहेत. पूर्ण वाढलेली तपकिरी गोचीड रक्ताविना कित्येक महिने जगते. म्हणून कुत्र्याला महिनाभर गावी धाडून ‘घर साफ होऊ दे’ म्हणण्याचा उपयोग नाही. तो परत येतो तेव्हा त्या आधीपेक्षा भुकेल्या असतात.

आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी. ही गोचीड वर चढते. पडद्यावर, भिंतीवर, पार छताच्या कोपऱ्यापर्यंत. आपण फवारणी करतो ती फरशीवर आणि अंगणातल्या गवतावर, आणि ती बसलेली असते खिडकीच्या चौकटीत, डोक्याच्या वर.

गवतावरून आठवलं. इंटरनेटवर परस गोचीडमुक्त करण्याचे जे सल्ले मिळतात त्यांतले बरेच अमेरिकेतले असतात : हिरवळ कापा, पालापाचोळा उचला, झाडी आणि हिरवळ यांच्यामध्ये लाकडाच्या ढलप्यांचा तीन फुटी पट्टा टाका. सल्ला उत्तम, पण तो दुसऱ्या गोचिडीसाठी आहे. हरणांवर वाढणारी, लाइम रोग पसरवणारी ती गोचीड ओलसर पाचोळ्यात राहते. न्यू जर्सी-कनेक्टिकटमधल्या मराठी घरांनी तो जरूर पाळावा. आपली तपकिरी गोचीड कोरड्या हवेत टिकते, म्हणून तर ती घरात शिरली. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर हिरवळीचं एक पातं नसताना तिचा सुळसुळाट होतो.

गोठ्याचंही तेच. शेतावरच्या घरात ‘गायीच्या गोचिडी कुत्र्याला लागल्या’ असं सर्रास म्हटलं जातं. गायीवरची नेहमीची गोचीड वेगळ्या जातीची असते. ती पिल्लूपणापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते आणि कुत्र्याकडे क्वचितच वळते. गोठा स्वच्छ ठेवावाच, पण कुत्र्याच्या त्रासाचं मूळ तो बांधलेला असतो त्या पडवीत शोधा.

आता करायचं काय? आधी फटी. सिमेंटने, चुन्याने, पुट्टीने, जे परवडेल त्याने बुजवा. कुत्र्याच्या मुक्कामाभोवतीचा चिऱ्याचा किंवा दगडी गडगा, लाकडाचा ढीग, रिकामी खोकी, जुनी पोती हे सगळं हलवायला हवं. पोतं झटकून पुन्हा अंथरू नका, जाळून टाका. अंथरूण दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा. या कंटाळवाण्या कामाला पर्याय नाही. महागड्या गोळीइतकंच, कदाचित जास्त, ते उपयोगी पडतं असं माझं मत आहे.

मग फवारणी. डेल्टामेथ्रीन किंवा सायपरमेथ्रीन गटातलं औषध पशुवैद्यकांना विचारून, बाटलीवरच्या प्रमाणातच, भिंती आणि चौकटींवर वरपर्यंत मारायचं. अंडी त्याने सहसा मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. घरात मांजर असेल तर फार जपा. या गटातली औषधं मांजराच्या जिवावर बेततात. माशांच्या टाकीलाही ती घातक. भिंतीचं औषध उरलं म्हणून कुत्र्यावर ओतणारे महाभागही आहेत, त्यांना हात जोडून सांगणं की तसं करू नका. रॉकेल, टर्पेंटाइन आणि तंबाखूचं पाणीही नको. गोचीड मरो न मरो, कातडी भाजते आणि चाटून विष पोटात जातं.

कुत्र्यासाठी हल्ली चघळायच्या गोळ्या मिळतात. अफॉक्सोलेनरची महिनाभर चालते, फ्लुरालेनरची तीन महिन्यांच्या आसपास. या गोळीने गोचीड अंगावर चढायची थांबत नाही. ती चावते आणि मग मरते. त्यामुळे गोळी दिल्यावरही दोन-चार दिसल्या तर घाबरू नका. उलट, गोळी घेतलेला कुत्रा घरात वावरत राहिला तर फटीतल्या भुकेल्या गोचिडी त्याच्यावर येऊन संपत जातात. कुत्र्याला पूर्वी कधी आकडी आली असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये या गटाबद्दल तसा इशारा दिला आहे. अमिट्राझचं पाणी स्वस्त आणि प्रभावी, पण लहान पिल्लांना आणि जखम असलेल्या कातडीला ते चालत नाही, आणि अंग वाळेपर्यंत कुत्र्याला चाटू द्यायचं नाही.

हाताने काढायची असेल तर बारीक चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ ओढा. उदबत्तीचा चटका नको. चिरडूही नका. स्पिरिटच्या बाटलीत टाका. नुसत्या पाण्यात ती सहज मरत नाही.

एवढी खटपट कशासाठी, तर ही गोचीड एर्लिकिया आणि बबेसिया हे रोगजंतू पसरवते. चावल्यापासून काही तासांतच एर्लिकियाचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून रोज संध्याकाळी तपासून गोचिडी काढणं एवढंच पुरत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराची कुत्री, विशेषतः जर्मन शेफर्ड, याच रोगाने मोठ्या संख्येने दगावली होती.

सिंधुदुर्ग आणि गोव्यातले वाचक इथे माकडतापाबद्दल विचारतील. तो १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात सापडला. त्याचा विषाणू शोधण्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचा, म्हणजे आजच्या एनआयव्हीचा, मोठा वाटा होता. २०१६ पासून दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळले. तो पसरवणारी प्रमुख गोचीड जंगलातली, हिमाफायसॅलिस. घरातली तपकिरी नव्हे. पण काजूच्या बागेत, रानात फिरून आलेला कुत्रा जंगलातल्या गोचिडी अंगावरून घरी आणू शकतो. त्या पट्ट्यात नोव्हेंबर ते मे या काळात कुत्र्याला रानात मोकळा सोडू नये, आणि माणसाला अचानक जोराचा ताप आला तर रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

पहिल्या फवारणीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तिथून निदान तीन महिने काम सोडू नका. महिन्याभरात गोचीड दिसेनाशी होते आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. आणि कुत्रा जेवत नसेल, अंग तापलं असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा नाकातून रक्त आलं असेल, तर फटी नंतर बुजवा, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. त्या अहवालात काय बघायचं, ते पुढच्या आठवड्यात.