रिकामा कोनाडा : विजापूरच्या जामा मशिदीचे अंतरंग

सोलापूरहून विजापूरकडे जाणारा जुना रस्ता मंद्रूपवरून दक्षिणेला निघतो आणि पुढे भीमा ओलांडतो. या वाटेने गोल घुमट पाहायला जाणारे पुष्कळ. जामा मशिदीत थांबणारे त्या मानाने थोडे. इस्लामी प्रार्थनास्थळाच्या अंतर्भागातील प्रतीके समजून घ्यायची, तर मात्र ही मशीद पाहायलाच हवी.

तिचे बांधकाम पहिल्या अली आदिलशहाच्या कारकिर्दीत (१५५८–१५८०) सुरू झाले. प्रार्थनागृह रुंदीला नऊ दालनांचे, खोलीला पाच. भिंती आणि खांब गिलाव्याचे, जवळजवळ निराभरण. मूर्ती नाही, सजीवाचे चित्र नाही. नजर कोठे अडत नाही, म्हणून ती आपोआप पश्चिमेच्या भिंतीकडे जाते. तेथे मेहराब आहे, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा.

मराठी घराला कोनाडा, देवळी परिचयाची. देवळीत दिवा असतो किंवा देव असतो. मेहराब रिकामा असतो. तो पूजेचा विषय नव्हे, दिशेची खूण आहे. कुराणातील ‘नूर’ या सुरेत ईश्वराच्या प्रकाशाला कोनाड्यातील दिव्याची उपमा दिली आहे. इराणपासून गुजरातपर्यंत अनेक मेहराबांत टांगत्या दिव्याची आकृती कोरलेली दिसते, तिचा संबंध अभ्यासक या उपमेशी जोडतात.

विजापूरचा मेहराब सजवला गेला तो १६३६च्या सुमारास, महंमद आदिलशहाच्या काळात. सोनेरी मुलामा आणि रंग यांनी तो भरून गेला आहे. भिंतीत खरेच कोनाडे आहेत असा भास होईल अशी चित्रे त्यात आहेत: ग्रंथ ठेवलेले कोनाडे, फुलदाण्या, साखळ्यांच्या धूपदाण्या, मिनार, कबरी.

यांचा अर्थ काय? ग्रंथ म्हणजे ज्ञान, फुले म्हणजे स्वर्गातील बाग, असे चटकन सांगता येते. पण प्रत्येक आकृतीला एकच ठरलेला अर्थ देणारा कोश इस्लामी कलेत नाही. एकच नक्षी राजवाड्यात, मशिदीत आणि कबरीवरही येते. अशा वेळी भक्कम आधार असतो तो अक्षरांचा. या मेहराबावरील फारसी ओळी आयुष्याचा भरवसा नाही, हे जग टिकणारे नाही, असे बजावतात. त्या वाचल्यावर फुले आणि कबरी एकाच विधानाचे भाग वाटू लागतात.

काळही लक्षात घ्यावा. १६३६ मध्येच विजापूरने शाहजहानशी तह करून मोगलांचे वर्चस्व मान्य केले, निजामशाही संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत आले. त्या तहामुळे या ओळी लिहिल्या गेल्या, असे म्हणायला आधार नाही. पण पुढे पन्नास वर्षांत, १६८६ मध्ये, आदिलशाही बुडाली आणि ओळी भिंतीवर राहिल्या.

मधल्या घुमटाबाबतही हाच संयम हवा. खालचा चौक, एकमेकींना छेदणाऱ्या कमानींतून होणारा अष्टकोन आणि वर वर्तुळ. चौकोन म्हणजे पृथ्वी, वर्तुळ म्हणजे आकाश, हा अर्थ मोहक आहे. पण घुमटाचे ओझे पेलणे आणि त्याचा बाहेरचा रेटा आवरणे हे कमानींचे पहिले काम. अर्थ त्या कामावर उभा राहतो, त्याच्याऐवजी नव्हे.

शेवटी जमीन पाहावी. तिच्यावर काळ्या रेघांनी आखलेले दोन हजारांहून अधिक आयत आहेत. ते औरंगजेबाने आखून घेतले असे परंपरा सांगते. प्रत्येक आयत एका माणसाच्या नमाजापुरता, सगळे एकाच मापाचे. सरदाराला मोठा नाही, हमालाला लहान नाही. येथे अर्थ शोधावा लागत नाही. माणूस त्यात उभा राहिला की तो पुरा होतो. आणि उभा राहिलेल्या प्रत्येकाचे तोंड असते त्या कोनाड्याकडे, जो इतके सोने चढूनही रिकामाच ठेवला आहे.