घरगुती मत्स्यालयासाठी मोठ्या कॅटफिशची निवड

कॅटफिश किंवा मार्जारमीन हा मिशाधारी माशांचा मोठा गण (सिल्युरिफॉर्मिस) असून त्यात तीन हजारांहून अधिक प्रजातींचा समावेश होतो. बोटभर लांबीच्या माशांपासून माणसापेक्षा मोठ्या माशांपर्यंत सर्व आकारांच्या प्रजाती या गणात आढळतात. यांपैकी काही मोठ्या प्रजातींची पिले शोभेचे मासे म्हणून विकली जातात. विक्रीच्या वेळी ही पिले ५ ते ८ सेंमी लांबीची असतात. मात्र त्यांपैकी काहींची प्रौढावस्थेतील लांबी एक मीटरहून अधिक होते. त्यामुळे गोड्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयासाठी कॅटफिश निवडताना पिलाचे रूप किंवा किंमत यापेक्षा त्या प्रजातीची प्रौढ लांबी हा मुख्य निकष मानला जातो. टाकीत न मावणारा मासा नदीत किंवा तलावात सोडला गेल्यास स्थानिक जलजीवनाला धोका निर्माण होतो. कोल्हापूरसारख्या नदीकाठच्या आणि पूरप्रवण शहरात या निवडीला त्यामुळे विशेष महत्त्व आहे.

शरीररचना व सवयी

बहुतेक कॅटफिशच्या तोंडाभोवती मिशांच्या जोड्या असतात. मिशांवर आणि त्वचेवर रुचिग्रंथी असल्यामुळे गढूळ पाण्यात व अंधारातही मासा अन्न शोधू शकतो. अनेक प्रजाती निशाचर असून दिवसा त्या खडकाच्या किंवा लाकडाच्या आडोशाला राहतात.

या माशांच्या अंगावर खवले नसतात. काही कुळांत खवल्यांऐवजी हाडांची कवचे असतात. सकर मासा हे त्याचे परिचित उदाहरण आहे. उघड्या त्वचेच्या प्रजातींना तांबेयुक्त औषधे, फॉर्मेलिन आणि मीठ यांचा त्रास इतर माशांपेक्षा लवकर होऊ शकतो. पाठीवरच्या व छातीच्या परांत कठीण काटे असतात. घाबरलेला मासा हे काटे ताठ करून अडकवून ठेवतो. त्यामुळे तो जाळीत गुंततो आणि हाताला इजाही करू शकतो. मोठा मासा हलवताना म्हणूनच जाळीऐवजी डबा किंवा जाड पिशवी वापरतात.

कोल्हापूर परिसरातील कॅटफिश

कोल्हापूर शहर पंचगंगा नदीच्या काठी वसले आहे. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या संगमातून पंचगंगा तयार होते, असे मानले जाते; पाचवी नदी म्हणून गुप्त सरस्वतीचा उल्लेख केला जातो. पुढे नृसिंहवाडी येथे पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा खोऱ्यात कॅटफिशच्या अनेक स्थानिक प्रजाती आहेत. ब्रिटिश अधिकारी कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय वर्णने केली. त्यांतील रिटा गोग्रा या घोगऱ्या माशाच्या शास्त्रीय नावात स्थानिक मराठी नावाचा ठसा दिसतो. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली वर्णिलेल्या निओट्रोपियस खवलचोर या लहान कॅटफिशचे नाव तर थेट मराठी आहे. हा मासा इतर माशांचे खवले खातो, म्हणून त्याला खवलचोर म्हणतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९५६ साली कोल्हापूरच्या माशांवरील लेख प्रसिद्ध झाला होता.

स्थानिक मोठ्या प्रजातींपैकी शिवडा (वॉलागो अट्टू) हा रुंद जबड्याचा शिकारी मासा एक मीटरपेक्षा मोठा होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो असुरक्षित प्रजातींमध्ये गणला जातो. आकार, भूक आणि संवर्धनाची स्थिती यांमुळे तो घरगुती टाकीसाठी योग्य ठरत नाही. मासा स्थानिक असला म्हणजे तो टाकीत सहज जगेल, असा अर्थ होत नाही.

बाजारात मिळणाऱ्या प्रमुख प्रजाती

शोभेच्या माशांच्या व्यापारात पुढील प्रजाती सामान्यतः आढळतात. टाकीचे माप लांबी × रुंदी असे दिले असून ते पुढील विभागात दिलेल्या ठोकताळ्यावर आधारित आहे.

| प्रजाती | प्रौढ लांबी | मूळ प्रदेश | किमान टाकी |
|---|---|---|---|
| तांबड्या शेपटीचा कॅटफिश (रेड टेल) | सुमारे १२० सेंमी | दक्षिण अमेरिका | घरात अव्यवहार्य |
| पंगस (दुकानात ‘शार्क’) | १०० सेंमीहून अधिक | मेकाँग व चाओ फ्राया खोरी | घरात अव्यवहार्य |
| टायगर शोव्हेलनोज | सुमारे १०० सेंमी | दक्षिण अमेरिका | घरात अव्यवहार्य |
| सकर मासा (टेरिगोप्लिक्थिस) | ४० ते ५० सेंमी | दक्षिण अमेरिका | साडेसहा × अडीच फूट |
| सिनोडोंटिस युप्टेरस | २० ते २५ सेंमी | आफ्रिका | चार × दीड फूट |
| पट्टेरी राफेल | २० ते २४ सेंमी | दक्षिण अमेरिका | चार × दीड फूट |
| अँसिस्ट्रस | १२ ते १५ सेंमी | दक्षिण अमेरिका | अडीच × एक फूट |

‘शार्क’ या नावाने विकला जाणारा पंगस हा शार्क नसून कॅटफिश आहे. भारतात खाद्य मासा म्हणून त्याची मोठ्या प्रमाणावर शेती होते. तो कळपाने राहणारा व बुजरा असून लहान टाकीत दचकून काचेवर आपटतो. सकर मासा काचेवरचे शेवाळ खातो, म्हणून ‘टाकी साफ करणारा मासा’ या नावाने त्याची विक्री होते. प्रत्यक्षात मोठा सकर मासा भरपूर विष्ठा टाकतो आणि टाकीतील घाण वाढवतो. शेवाळ कमी करणे हाच हेतू असल्यास अँसिस्ट्रस हा अधिक योग्य पर्याय आहे.

आफ्रिकन मागूर (क्लॅरियस गॅरिएपायनस) या प्रजातीच्या पालनावर भारतात बंदी आहे. केंद्र सरकारने १९९७ साली तसे निर्देश दिले होते, तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली या बंदीच्या अंमलबजावणीसंबंधी आदेश दिले. हवेतून श्वास घेण्याच्या क्षमतेमुळे हा शिकारी मासा ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाणवठ्यात जाऊ शकतो. देशी मागुराशी त्याचे साम्य असल्याने पिले घेताना ओळख पटवणे आवश्यक असते.

टाकीचे आकारमान

मत्स्यपालकांमध्ये एक साधा ठोकताळा प्रचलित आहे. टाकीची लांबी माशाच्या प्रौढ लांबीच्या किमान चौपट आणि रुंदी किमान दीडपट असावी. माशाला सरळ पोहता यावे आणि शरीर न दुमडता वळता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. या हिशेबाने ३ × दीड फूट मापाच्या टाकीत सुमारे २२ सेंमीपर्यंतचा, तर ६ × २ फूट मापाच्या टाकीत सुमारे ४० सेंमीपर्यंतचा कॅटफिश राहू शकतो. १२० सेंमी लांबीच्या तांबड्या शेपटीच्या कॅटफिशला जवळजवळ १६ फूट लांब आणि ६ फूट रुंद टाकी लागेल. अनेक घरांतील खोलीची लांबीही तेवढी नसते.

‘टाकी जेवढी असेल तेवढाच मासा वाढतो’ हा समज प्रचलित आहे. अपुऱ्या जागेत व दूषित पाण्यात माशाची वाढ खुंटू शकते, परंतु ते जुळवून घेण्याचे नव्हे तर कुपोषण, ताण आणि आजाराचे लक्षण असते. अशा माशांत पाठीचा कणा वाकणे व अकाली मृत्यू हे प्रकार दिसतात.

लांबीबरोबर वजन किती वाढते, हेही लक्षात घ्यावे लागते. शरीराचा आकार सारखाच राहिला, तर लांबी दुप्पट होताना वजन सुमारे आठपट होते. ८ सेंमीचे पिलू १२० सेंमीचे झाल्यास लांबी १५ पट, पण वजन तीन हजारांहून अधिक पट होते. खाद्य आणि उत्सर्जित अमोनिया यांचे प्रमाणही त्याबरोबर वाढत जाते.

६ × २ × २ फूट मापाच्या टाकीत काठोकाठ सुमारे ६८० लिटर पाणी मावते आणि केवळ या पाण्याचे वजन ६८० किलो होते. काच, रेती व स्टँड धरून एकूण भार पाऊण टनाहून अधिक होतो. वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.

पाणी व गाळण

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. गाळणीत वाढणारे जिवाणू विषारी अमोनियाचे रूपांतर प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी भरल्याच्या दिवशीच मोठा मासा सोडणे धोक्याचे असते. नायट्रेट कमी ठेवण्यासाठी दर आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदलले जाते. ६८० लिटरच्या टाकीसाठी हे प्रमाण २०० लिटरच्या आसपास जाते. उन्हाळ्यातील पाणीटंचाईत एवढे पाणी मिळेल का, याचा विचार मासा घेण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर ठरते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढून टाकण्यासाठी सोडियम थायोसल्फेटयुक्त द्रावण वापरतात.

वर उल्लेखिलेल्या बहुतेक उष्णकटिबंधीय प्रजातींना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. कोल्हापुरात हिवाळ्यातील रात्री गार असल्याने हीटर व तापमापक लागतो. हीटरला जाळीचे आवरण नसल्यास त्याला चिकटून बसणाऱ्या कॅटफिशची त्वचा भाजते. उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. पावसाळ्यात वीज खंडित झाल्यास गाळणी बंद पडते. त्यासाठी विजेरीवर चालणारा हवेचा पंप उपयोगी पडतो. तळाशी गुळगुळीत रेती घालतात, कारण धारदार खडीने मिशा झिजतात व जखमी होतात.

सहवासी मासे व खाद्य

शिकारी कॅटफिश तोंडात मावणारा कोणताही मासा गिळू शकतो. त्यामुळे गप्पी, टेट्रा यांसारखे लहान मासे त्यांच्यासोबत ठेवत नाहीत. बुडणाऱ्या गोळ्या, कोळंबी आणि माशांचे तुकडे हे त्यांचे सामान्य खाद्य आहे. सकर मासा व अँसिस्ट्रस यांना काकडी, दोडका अशा भाज्या आणि टाकीतील लाकडाचा तुकडाही लागतो. निशाचर माशांना दिवे मालवल्यावर खाद्य दिले जाते. मोठ्या माशांना दररोज पोटभर खाऊ घातल्यास चरबी वाढते आणि पाणी लवकर बिघडते. बाजारातील जिवंत लहान मासे खाद्य म्हणून दिल्यास रोग व परजीवी टाकीत येण्याचा धोका असतो.

खरेदीपूर्व तपासणी

निरोगी माशाच्या मिशा अखंड, डोळे स्वच्छ, पोट किंचित गोलसर आणि श्वासाची गती संथ असते. पांढरे ठिपके, कापसासारखी बुरशी, खोल गेलेले पोट किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर सतत धापा टाकणे ही आजाराची लक्षणे मानली जातात. दुकानातील बोलीनामावर विसंबून न राहता शास्त्रीय नाव विचारून प्रौढ लांबी पडताळणे आवश्यक आहे. कॅटफिशच्या अनेक प्रजाती दहा वर्षांहून अधिक काळ जगत असल्याने ही जबाबदारी दीर्घकाळची असते. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास रोगांचा प्रसार टळतो.

नदी-तलावांत सोडण्याचे धोके

टाकीत न मावणारे मासे ‘जीवदान’ म्हणून नदीत किंवा तलावात सोडण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. सकर मासा केरळ, तमिळनाडू, पश्चिम बंगाल यांसह देशाच्या अनेक भागांतील पाण्यात पसरला आहे. महाराष्ट्रात भीमा नदीवरील उजनी जलाशयातही तो आढळला आहे. हा मासा काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, कमी प्राणवायूच्या पाण्यातही तग धरतो आणि त्याच्या कवचामुळे मच्छीमारांची जाळी फाटतात. त्याला बाजारात फारसे मोल नसल्याने मच्छीमारांचे दुहेरी नुकसान होते. एकदा तो पसरला की समूळ काढून टाकणे जवळपास अशक्य असते.

पंचगंगेत किंवा रंकाळा तलावात मासा न सोडल्यानेही धोका पूर्णपणे टळत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत कोल्हापूर शहराच्या सखल भागांतील घरांत पाणी शिरले होते. अशा वेळी तळमजल्यावरील टाकीतील किंवा अंगणातील हौदातील परदेशी मासे पुराच्या पाण्यासोबत नदीत आणि तेथून कृष्णा खोऱ्यात जाऊ शकतात. त्यामुळे पूररेषेतील घरांत मोठे परदेशी कॅटफिश न पाळणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

मासा टाकीपेक्षा मोठा झाल्यास तो दुकानदाराला परत देणे किंवा पुरेशी मोठी टाकी असलेल्या पालकाकडे सोपवणे हे पर्याय उरतात. मात्र एक मीटरहून मोठ्या होणाऱ्या माशांना स्वीकारणारे फार थोडे असतात. त्यामुळे हा प्रश्न खरेदीच्या वेळीच सोडवावा लागतो. चार फुटी टाकी असलेल्या पालकासाठी सिनोडोंटिस, पट्टेरी राफेल किंवा अँसिस्ट्रस या प्रजाती सुयोग्य आहेत, तर तांबड्या शेपटीचा कॅटफिश, टायगर शोव्हेलनोज आणि पंगस हे घरगुती मत्स्यालयाच्या आवाक्याबाहेरचे मासे आहेत.